जुन्या अल्टोची खडखड: शॉकअप बदलण्याआधी

आमची अल्टो २००८ची. २०२३मध्ये तिची १५ वर्षं भरली, म्हणजे आरटीओत नेऊन पुढच्या ५ वर्षांसाठी पासिंग करून घेणं आलं. ही फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली होती, शिवाय पर्यावरण कर वेगळा. घरात सूर एकच, विकून टाका. पण इंजिन ठणठणीत होतं, आणि साताऱ्याच्या पेठांतल्या बोळांत इतकी सहज वळणारी गाडी मला दुसरी दिसत नव्हती. अडचण एवढीच की पुढून खडखड यायची.

एका मोठ्या गॅरेजने छोटी चक्कर मारून खर्चाचा आकडा हातात ठेवला. पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे), शॉकअपची वरची माउंटिंग म्हणजे बैठक, वर स्टीअरिंग रॅक! नेमकं काय गेलंय असं विचारलं तर म्हणाले, "जुनी गाडी आहे साहेब, एकदाच सगळं करून घ्या." तो आकडा गाडीच्या निम्म्या किमतीएवढा होता. मी गाडी घरी आणली.

आवाज कुठून येतो यावर फार विसंबू नये. पत्र्यातून तो कुठेही फिरतो, डावीकडचा उजव्या पायाशी ऐकू येतो. कधी येतो ते बघावं. आमची गाडी स्पीड ब्रेकरवरून गुपचूप जायची. बारीक खडीवर मात्र टकटक, आणि ब्रेक दाबला की एकच मोठा 'टक'. रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की परत तोच. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग कुरकुरत नव्हती, म्हणजे वरच्या माउंटिंगवर संशय नको. पूर्ण वळवून गाडी चालवली तरी चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टची कटकट नव्हती. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन थांबली. शॉकअपवर तेलाचा ओघळही नाही. मग ते बदलायचे कशाला?

गोडोलीत एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. "काका, बदलायचं नंतर, आधी शोधायचं."

"मग संध्याकाळी या. सकाळी गर्दीत शोधाशोध होत नाही."

जॅकवर घेऊन त्यांनी चाक वर-खाली धरून हलवलं. बेअरिंग, बॉल जॉइंट घट्ट. आडवं धरून हलवलं तेव्हा डावीकडे किंचित प्ले म्हणजे ढिलेपणा लागला, तो टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याचा. मग त्यांनी टॉमी (लोखंडी सळई) घालून पुढचा आडवा रॉड रेटला आणि मला खाली वाकून बघायला लावलं. लोअर आर्म चक्क पुढे-मागे सरकत होता.

या गाडीत तो रॉड दोन कामं करतो. वळणावर गाडी कलू देत नाही, आणि लोअर आर्मला पुढे-मागे धरूनही तोच ठेवतो. त्याच्या टोकाचं रबरी बुश झिजलं की ब्रेक मारताना चाक जागेवरून मागे सरकतं. गाडीची अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ दिशा, टिकत नव्हती, त्याचंही उत्तर बहुधा तिथेच होतं. काढलेलं बुश हातात घेतलं तर भोक गोल राहिलंच नव्हतं, अंडाकृती झालेलं. रबर कडेने चिरलेलं, आणि वॉशर घासून आर्मचं लोखंड चांदीसारखं चकचकीत. बुशचा नवा संच दोन मिसळींच्या पैशांत येतो.

कष्ट नट काढण्यातच गेले. गंजाने जाम झालेले, रात्रभर तेल मारून ठेवले तेव्हा सुटले. काकांची एक सवय मात्र मी कायमची उचलली. आर्मचा आतला बोल्ट त्यांनी जॅकवर नुसता बसवला, आणि शेवटचा पान्हा गाडी चाकांवर उतरवल्यावर, खाली झोपून मारला. चाक लोंबतं असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. घाईच्या कामात हे राहूनच जातं.

टाय रॉड एंड बदलला, ड्राइव्ह शाफ्टचा एक बूट (रबरी आवरण) चिरला होता, तोही नवा घातला. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. ती आधी केली असती तर टाय रॉड उघडल्यावर पैसे पाण्यात गेले असते.

आरटीओत चासी नंबरचा पेन्सिलने ठसा, दिवे, ब्रेक एवढं पाहून काम झालं. यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक मारून बघितला, पुढून काहीच नाही. मागून मात्र हलका खट ऐकू आला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "तो आधीपासूनच असणार. पुढच्या खडखडीत दबला होता." मागच्या एक्सलच्या आडव्या रॉडचं बुश असावं, असा त्यांचा अंदाज आहे. दिवाळीनंतर गाडी पुन्हा जॅकवर.