उजवा गुडघा अपडेट: १३.१ पर्यंत गप्प!

रविवारी १३.१ किलोमीटर झाले आणि उजवा गुडघा एकदाही बोलला नाही. एवढंच लिहिणार होतो, पण साताऱ्याच्या शर्यतीपासून रोज सकाळी तुम्ही सगळे "आज कितव्याला आलं?" (म्हणजे कितव्या किलोमीटरला दुखलं) विचारताय, मग कारण सापडल्यावर ते नीट सांगायला पाहिजे, जरा लांबेल.

सातारा थोडक्यात उरकतो, कारण ते आधी सांगून झालंय. हिल हाफ मॅरेथॉन, २१.१ किलोमीटर, वेळ २:२१:४०. यवतेश्वरचा घाट चढताना एकदाही चाललो नाही, कासच्या रस्त्यावर धुक्यात टर्न मारून परत फिरलो तेव्हा २:१४ सहज दिसत होतं. मग घाट उतरायला लागलो आणि सोळाव्या किलोमीटरला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तापलेली सळई टेकवल्यासारखं झालं, तिथून पोलीस ग्राउंडपर्यंत कसा आलो ते माझं मला माहीत. आयटी बँड, मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा पट्टा. तुमच्यातल्या निम्म्यांनी भोगलाय, उरलेल्यांना देव वाचवो.

याची खोड बघा. घरात दुखत नाही, जिन्यात दुखत नाही, वर्कशॉपमध्ये आठ तास मशीनपुढं उभा राहिलो तरी दुखत नाही. पळायला लागलं की पहिले पाच-सहा किलोमीटर एकदम झकास, वाटतं गेलं, बरं झालं, आणि मग ठरलेल्या आकड्याला बरोब्बर हजर. तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेऊन पहिल्यांदा पळालो तर ६.८ ला आलं. पुढच्या वेळी ६.४. मग ७.१, ६.९. शॉपमधल्या कपाटावर कागद चिकटवून हे आकडे लिहीत होतो, आणि एका डॉक्टरांनी "पळणंच बंद करा की" म्हणून एका वाक्यात विषय संपवला त्या दिवशी तो कागद बघून मला खरंच रडू आलं होतं.

पहिला संशय बुटांवर. ७८० किलोमीटर झालेले, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, कारखान्यातला माणूस करणार ते केलं, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला. उजव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेला डाव्यापेक्षा १.६ मिलिमीटर जास्त झिजलेली. म्हटलं सापडलं! राजारामपुरीत जाऊन नवीन जोडी घेतली (ऑनलाइन दोन हजारानं स्वस्त होती, पण दुकानात घालून दहा पावलं पळून बघता येतं त्याचे दोन हजार मी आनंदानं देतो, बूट फोटो बघून घ्यायची वस्तू नव्हे). नवीन बुटात पहिला रन, ६.९ ला आलं. म्हणजे झीज हा परिणाम होता, कारण नव्हतं, पण हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

मग रोलर, पायाखाली घेऊन स्नायू चोळायचा. शॉपमधला चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, वर जुनी सायकलची ट्यूब गुंडाळली, बाजारातल्या फोमपेक्षा कडक आणि फुकट. रोज रात्री मांडीच्या बाहेरच्या बाजूनं दहा मिनिटं, ओठ चावून. मसाज गन पण मागवली, ती दोन आठवड्यात बंद पडली आणि विकणाऱ्यानं फोन उचलायचं सोडलं, त्यावर पैसे घालू नका. नंतर फिजिओ मॅडमनी सांगितलं की आयटी बँड हा स्नायू नाहीच, खुब्यापासून नडगीच्या हाडापर्यंत गेलेला जाड पट्टा आहे, रोलरनं तो लांब-बिंब काही होत नाही. गुडघा साधारण ३० अंशात वाकलेला असताना हा पट्टा मांडीच्या हाडाच्या खालच्या उंचवट्यावर दाबला जातो, पाय टेकताना नेमका तोच कोन येतो, आणि उतारावर किंवा रेंगाळत पळताना पाय त्या कोनात जास्त वेळ राहतो. म्हणून घाट चढताना काही झालं नव्हतं आणि उतरताना मेलो.

त्यांनी आरशासमोर एका पायरीवर उभं केलं आणि म्हणाल्या, एका पायावर हळूच खाली वाका. डावा पाय, ठीक. उजवा पाय, गुडघा आत पडला आणि डावीकडची कंबर खाली गेली, मला स्वतःला आरशात दिसलं. खुब्याच्या बाजूचा स्नायू कच्चा. मी म्हटलं मॅडम मी रोज दोनशे बैठका मारतो, लहानपणापासून तालमीत जातोय. त्या म्हणाल्या, बैठकेत दोन्ही पाय जमिनीवर असतात, पळताना एका वेळी एकच असतो. संध्याकाळी हे आमच्या पेठेतल्या वस्तादांना सांगितलं तर ते ऐंशीच्या घरातले गृहस्थ उठले, एका पायावर उभे राहून सावकाश निम्म्यापर्यंत खाली बसून वर आले आणि म्हणाले, "पोरा, पाय दोन असले तरी भार एकावरच येतोय, हे आम्ही सांगत नव्हतो व्हय?" नाद खुळा माणूस.

तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस: कुशीवर झोपून पाय वर उचलणं, पायात रबरी बँड घालून आडवं चालणं, साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर अंग तोलून धरणं), आणि पायरीवर एका पायानं उभं राहून कंबर खाली-वर करणं, प्रत्येकी पंधराचे तीन सेट. शेवटचा व्यायाम सगळ्यात साधा दिसतो आणि सगळ्यात जास्त जाळतो. चार आठवड्यात आकडा ७.१ वरून ८.२ वर आला. फक्त ८.२! मला वाटत होतं आता धडाधड वाढेल, आणि तो तिथंच अडला. ८.२, ८.०, ८.३.

मग ते झालं ज्यासाठी हे लिहितोय. शॉपमध्ये एका मोटरचं बेरिंग तिसऱ्यांदा गेलं. नवा पोरगा परत नवीन बेरिंग ठोकायला निघाला, तर आमचे मामा (तीस वर्षं फिटर) त्याला म्हणाले, "बेरिंग तापतंय म्हणजे बेरिंगचा दोष नाही, खाली बेस बघ, लेव्हल लाव." मी लेथवर होतो, हात तिथंच थांबला. मी अडीच महिने बेरिंग बदलत होतो. गुडघा चोळला, बूट बदलले, खुबा मजबूत केला, पण ज्या बेसवर पळतोय तो कुणी बघितला?

माझे सगळे लाँग रन फुलेवाडीवरून बालिंग्याच्या पुलापर्यंत आणि परत, गगनबावडा रोडनं. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून मी कायम उजव्या कडेनं पळतो. जाताना उजव्या कडेनं, आणि येताना पण माझ्या उजव्या कडेनंच. रस्ता मधे उंच आणि पाणी जायला दोन्ही कडांना उतरता असतो, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळेला माझा उजवाच पाय खालच्या बाजूला. दोन वर्षं! एकदाही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अर्ध्या मीटरची पट्टी आणि स्पिरिट लेव्हल घेऊन गेलो. मधल्या पट्ट्यापाशी बुडबुडा जवळजवळ मधे. कडेपासून मीटरभर आत, अर्ध्या मीटरला १२ मिलिमीटरचा उतार. आणि अगदी कडेला, जिथनं मी पळतो तिथं, २१! एक दूधवाले काका गाडी थांबवून "पीडब्ल्यूडीचे का?" म्हणून विचारून गेले आणि एक खड्डा पण दाखवून गेले. आता २१ मिलिमीटर म्हणजे काही डोंगर नाही, पण हिशोब करा, १४ किलोमीटरचा रन माझ्या वेगानं दीड तासाचा, मिनिटाला १६० च्या आसपास पावलं, म्हणजे उजवा पाय सात हजारावर वेळा त्या तिरक्या जागेवर पडतोय, वर खुबा कच्चा, आणि प्रत्येक वेळी पट्टा त्याच ठिकाणी दाबला जातोय. मशीनला आम्ही एवढा तिरकेपणा पाच मिनिटं चालू देणार नाही.

त्या आठवड्यात बालिंगा बंद. रंकाळा तलावाच्या पदपथावर आलो, एक दिवस या दिशेनं, एक दिवस उलट्या दिशेनं. पहिल्याच रनला ९.५. काही नाही! शालिनी पॅलेसच्या बाजूला घड्याळात ९ दिसलं तेव्हापासून श्वास धरूनच पळत होतो. रंकाळ्यावर सहानंतर गर्दी होते, चालणारी मंडळी चौघं-चौघं आडवी असतात, त्यामुळे पावणेपाचला उतरावं लागतं, पण त्या वेळी पाण्यावर जी शांतता असते ती बालिंग्याला ऊस ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमध्ये कधी मिळाली नव्हती. हंगाम सुरू झाल्यावर तो रस्ता अंधारात पळायला तसाही धोक्याचाच आहे, हे पण बोलून टाकतो.

दुसरी गोष्ट पावलांची. माझा केडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) १५८, लांब लांब ढांगा, पाय पार पुढं टेकणार. मॅडम म्हणाल्या पाच-सात टक्के वाढवा, ढांग लहान होईल, गुडघ्यावरचा मार कमी होईल. म्हणजे १६८. मेट्रोनोम अॅप लावून बघितलं, त्या टिकटिकीनं डोकं उठतं, दोन किलोमीटरच्या वर सहन होत नाही. आमच्या गल्लीत एक मित्र हलगी वाजवतो, त्याला म्हटलं कानात मेट्रोनोम घालून १६८ वर वीस मिनिटं वाजवून दे. त्यानं एका दमात वाजवली, मधे एकदा हलगी शेकायला पण थांबला नाही. ती फाइल आता रोज कानात. पाय आपोआप पडतात, विचार करावा लागत नाही, आणि शेवटच्या किलोमीटरला तो जो कडकडाट करतो तिथं १७२ होतं माझं. ज्यांना पाहिजे त्यांना पाठवतो, त्याची परवानगी घेतली आहे.

पण सरळ सगळं गेलं असं नाही. ९.५ झाल्यावर मला इतका उत्साह आला की पुढच्या रविवारी केर्लीतून जोतिबा. वर जाताना पाय हलके, कानात हलगी, देवळापाशी पोचलो तेव्हा वाटलं मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला दोन तास होतायत. आणि उतरायला लागल्यावर दीड किलोमीटरात सळई परत आली. बाकीचा डोंगर चालत उतरलो, गुलालानं माखलेली माणसं वर येत होती आणि मी कठडा धरून खाली. कागदावर त्या दिवशीचा आकडा ५.८ लिहिला, सगळ्यात कमी. दोन दिवस कुणाचे फोन घेतले नाहीत, त्याबद्दल माफ करा.

नंतर शांतपणे बघितलं तर त्यात नवीन काहीच नव्हतं. उतार अजून जमत नाही, सपाटीला जमतंय. पाच दिवस फक्त व्यायाम, मग रंकाळ्यावर ६, मग ८, मग ११, आणि परवाच्या रविवारी १३.१. मुद्दाम १३.१ ला थांबवलं. अजून जाऊ शकलो असतो, पण आकडा ठरवून गेलो होतो आणि दुखायच्या आधी थांबायचं हे यावेळी पाळायचंच होतं. थांबलो, पायरीवर बसलो, गुडघा बाहेरून अंगठ्यानं दाबून बघितला, काही नाही. तिथनं सरळ गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यालो. एवढं गोड दूध बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं.

आता मुंबई. जानेवारीतला तिसरा रविवार, हाफ, आठ आठवडे हातात. माझा प्लॅन असा होता की रविवारी १५, १७, १९ असं रंकाळ्यावरच वाढवायचं आणि चढाचा सराव सोडून द्यायचा, कारण जो चढेल तो उतरेल. पण पेडर रोडची चढण निम्म्याच्या वर अंतर झाल्यावर येते, तिथं दम पाहिजे, आणि तालमीत वाढलेल्या माणसाला चढ सोडणं जिवावर येतं.

...थांबा. हे लिहिता लिहिता सुचलंय. जो चढेल तो उतरेल, पण पायानंच कशाला उतरायला पाहिजे? पन्हाळा! शिवाजी पुलावरनं निघायचं, वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ, आणि तिथनं घाट चढून वर गडावर. एकूण वीसेक किलोमीटर, शेवट सगळा चढ, म्हणजे दमल्यावर चढायचा सराव, पेडर रोडला पाहिजे तोच. आणि खाली यायला एसटी नाहीतर वडाप (शेअर जीप). उतार शून्य! साताऱ्याच्या आधी हे का नाही सुचलं कुणाला.

पण एकदम वीस नको, जोतिबाचा धडा ताजा आहे. आणि तो हमरस्ता आहे, तिथं पण कडेला उतार असणारच, तेव्हा पट्टी आणि लेव्हल घेऊन आधी गाडीवरनं एक चक्कर मारतो आणि कुठं कडेला सपाट मुरूम आहे ते बघून ठेवतो. म्हणजे या रविवारी रंकाळ्यावर १५, ते ठरल्याप्रमाणे. पुढच्या रविवारी केर्लीतून सुरू करून पन्हाळा, अंतर कमी आणि चढ पूर्ण. त्याच्या पुढच्याला तब्येत बघून शिवाजी पुलापासून. उताराचे व्यायाम वेगळे, मॅडमनी पायरीवरून सावकाश उतरायचे दिलेत, ते मंगळवार-शुक्रवार. २:०५ ची भाषा मी आत्ता करणार नाही, २१.१ पर्यंत सळई न येता पोचायचं, आकडा कपाटावर लिहायचा.

केर्लीला कोण येतंय सांगा, पहाटे साडेपाच, फाट्यावर. परतीच्या वडापचे पैसे माझ्याकडून, वर झुणका-भाकरी आपापली. आणि हो, ज्यांचा एकाच बाजूचा गुडघा, खुबा किंवा घोटा सारखा धरतोय त्यांनी मला पळायच्या रस्त्याचं नाव आणि कुठल्या कडेनं पळता ते कळवा, लेव्हल माझ्या डिकीतच असते, येऊन मोजून देतो.