बोट मनगटावर होतं, म्हणून मी टिक दिली

परवा ओस्कीत, म्हणजे मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, बीपी मोजण्याचं स्टेशन माझ्याकडे होतं. ज्यांनी ही परीक्षा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, ओळीने टेबलं, प्रत्येकावर एकच काम, पाच मिनिटं, बेल वाजली की पुढचं टेबल, आणि परीक्षकाच्या हातात छापील चेकलिस्ट. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, कारण त्याआधी पेशंट कुठला मिळतो आणि परीक्षक कोण बसतो यावर पोरांचं नशीब ठरायचं. पद्धत चांगलीच आहे, मी तिच्यासाठी भांडलेय.

पेशंट म्हणून एक काका बसले होते. सकाळी एका रेसिडेंटने घेतलेलं रीडिंग माझ्या कागदावर होतं, 138/90. विद्यार्थ्याचं रीडिंग त्याच्या 4 अंक इकडेतिकडे आलं की 2 मार्क. पहिले चौदा जण आले, सगळ्यांचं जुळलं. सगळ्यांनी कफ, म्हणजे दंडावरचा पट्टा, फुगवताना मनगटावर बोटं ठेवली, मीही ‘पॅल्पेटरी मेथड’समोर (कफ फुगवताना नाडी किती आकड्याला लागेनाशी होते ते बोटांनी बघणं) टिक करत गेले.

पंधरावी मुलगी. तिने नाडी लागेपर्यंत बोटं हलवली, मग हळूहळू फुगवत गेली. 150 झाले, 160 झाले, नाडी लागतच होती. 172 ला नाडी गेली. कफ पूर्ण सोडला, परत थेट 200 पर्यंत नेला आणि सेकंदाला 2 अशा बेताने उतरवायला लागली, तेव्हा तिच्या कपाळाला पडलेली आठी मला समोर दिसत होती. मग काकांना म्हणाली, "काका, एक मिनिट थांबून परत बघते हं, हात सैल सोडा." आणि खरंच मिनिटभर थांबली, परीक्षेत! दुसऱ्यांदा घेऊन लिहिलं 176/90, आणि बेल वाजली. पेशंटला रीडिंग समजावणं राहिलं, आभार राहिले, रीडिंग चुकलेलं. 10 पैकी 6.

ब्रेकमध्ये मी स्वतः घेतलं. स्टेथोस्कोपमध्ये 176 ला नाडीचा आवाज सुरू, 164 ला गायब, 138 ला परत सुरू. मधेच आवाज बंद पडणारा हा टप्पा म्हणजे ऑस्कल्टेटरी गॅप, पुस्तकात असतो अगदी तसा. नाडी न बघता 160 पर्यंत फुगवलं की त्या गॅपमध्येच सुरुवात होते आणि पहिला आवाज 138 चाच वाटतो. रेसिडेंटने तेच केलं, चौदा जणांनीही तेच. बोटं मनगटावर होती, पण कुणी नाडी बघितलीच नव्हती, आणि मी बोटांना मार्क दिले.

काकांना आधी ओपीडीत पाठवलं. मग वरिष्ठांना सांगितलं, तर त्यांनी रीडिंगचे 2 मार्क सरसकट सगळ्यांना देऊन विषय मिटवला. मला हे पटलेलं नाही. हिशोब समान झाला एवढंच, शेवटी ती मुलगी त्या चौदांच्या मागेच राहिली, कारण त्यांनी आभार मानले होते.

पुढच्या वेळी चेकलिस्टमधली पॅल्पेटरी मेथडची ओळ मी बदलून घेणार आहे, ‘नाडी किती आकड्याला गेली ते विद्यार्थी मोठ्याने सांगतो’, अशी. पण आपल्याच कानावर विश्वास न ठेवता ती जे मिनिटभर थांबली, त्याचे मार्क कुठल्या ओळीत बसवायचे हे मला अजून सुचलेलं नाही.