नाणेघाटाने चढा, जुन्नरात उतरा

जुन्नरला येणारी बहुतेक मंडळी नारायणगावावरून येतात, शिवनेरी करतात, लेण्याद्रीला हात जोडतात आणि वेळ उरलाच तर संध्याकाळी गाडीने नाणेघाटाच्या माथ्यावर जाऊन फोटो काढतात. हा क्रम उलटा आहे. जुन्नर नावारूपाला आलं तेच या घाटामुळे. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर या खिंडीतून वर यायचा, जुन्नरात थांबायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. म्हणून आधी घाट पायी चढायचा आणि मग गाव बघायचं. दिवस पहाटे सुरू केला तर एका दिवसात हे आरामात होतं.

अडचण एकच, गाडीची. तुम्ही चढणार कोकणातून आणि पोहोचणार देशावर. सोबत न चढणारा एखादा गाडीवान हवा. त्याने तुम्हाला पायथ्याशी सोडायचं आणि माळशेज घाट, गणेशखिंड, जुन्नर, घाटघर असं फिरून माथ्यावर यायचं. त्याला अडीच तास लागतात आणि तुम्हालाही तेवढेच. गाडीवान नसेल तर चढून-उतरून परत पायथ्याला या आणि जुन्नर दुसऱ्या दिवसावर ढकला. घाटघरहून एसटी मिळेल या भरवशावर राहू नका, गाड्या मोजक्या आहेत. पुण्याहून येणाऱ्यांनी जुन्नरमार्गे थेट माथा गाठावा, खिंडीतून तासभर खाली उतरून पुन्हा वर यावं. फरसबंदीचा सगळ्यात चांगला टप्पा तेवढ्यात पाहून होतो.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे, वैशाखरे असा रस्ता आहे. वैशाखरे मागे टाकल्यावर थोडं पुढे, उजव्या हाताला पायवाट सुटते. साडेसहाला चालायला लागा. घाटाचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी सगळी चढण सह्याद्रीच्याच सावलीत असते. नऊ-साडेनऊनंतर ऊन डोक्यावर येतं आणि शेवटच्या पायऱ्यांवर जीव काढतं. उशिरा निघणाऱ्यांचं पाणी संपतं ते इथेच. माणशी तीन लिटर पाणी घरूनच भरून घ्या. दिवाळीनंतर वाटेतल्या ओढ्यांवर विसंबता येत नाही.

पहिला टप्पा झाडीतला, जवळपास सपाट. इथे गुरांच्या वाटा फुटतात आणि लोक चुकतात. समोरचा नानाचा अंगठा, म्हणजे आभाळात वर आलेला तो कातळाचा सुळका, नजरेत ठेवा. खिंड त्याच्या उजव्या कुशीत आहे. चढ सुरू झाला की वाट चुकायची शक्यता संपते. शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या आणि दगड बसवलेल्या पायऱ्या लागतात. दोन हजार वर्षं खूर आणि पाय घासून काही दगड काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळं धरतं. तळ झिजलेले बूट तिथे हमखास दगा देतात, आणि घसरतात ते बहुधा उतरणारे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी माथ्यावर जत्रा असते, धुक्यात कोकण दिसत नाही आणि कधी कधी प्रशासन बंदीही घालतं.

खिंडीच्या तोंडाशी लेणं आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा उरल्यात आणि वर ब्राह्मीत कोरलेली नावं: सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा मोठा लेख आहे. टॉर्चचा झोत समोरून मारलात तर भिंत नुसती पांढरी दिसेल. टॉर्च भिंतीलगत धरून आडवा प्रकाश सोडा, अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळी उठून दिसतात. भिंतीला हात मात्र लावू नका.

या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे, कुठे २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. गंमत आकडे लिहिण्यात आहे. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. वीस हजार, चार हजार, चारशे यांची वेगवेगळी चिन्हं शेजारी शेजारी मांडून २४,४०० होतात. आपण आज लिहितो त्या अंकांचे इतके जुने पूर्वज फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतात. वर खिंडीच्या टोकाला दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. लेख मात्र जकातीबद्दल अवाक्षर काढत नाही. लेण्याजवळ माकडं असतात, पिशवी हातात धरून ठेवा.

साडेदहाला गाडीत बसलात तर घाटघरहून जुन्नरकडे जाताना पूरच्या कुकडेश्वराला अर्धा तास देता येतो. कुकडी नदीचा उगम तिथलाच आणि देवळाच्या भिंतींवरचं कोरीवकाम सावकाश पाहण्यासारखं आहे. वाटेत जीवधन आणि चावंड दिसतील. दोन्ही किल्ल्यांच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. आज त्यांच्या मोहात पडू नका. शिवनेरीचंही तेच. सात दरवाजे, शिवाई देवी, शिवजन्मस्थान, टाकी, कडेलोटाचा कडा. घाईत उरकायचा हा गड नव्हे.

जुन्नरात जेवायला मासवडी. बेसनाच्या पातळ पोळीत तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरून वळतात, वड्या कापतात आणि झणझणीत रश्शाबरोबर देतात. चांगल्या खानावळीत ती ताजी करतात, त्यामुळे पाऊण तास जातो. पोहोचल्या पोहोचल्या सांगून ठेवा आणि तेवढ्यात बाजारपेठेत चक्कर मारा.

लेण्याद्री शेवटी, साडेतीननंतर. डोंगर दक्षिणेकडे तोंड करून आहे, भर दुपारी पायऱ्या तापतात आणि त्या तीनशेच्या आसपास आहेत. सगळे सात नंबरच्या लेण्यात गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन वळतात. शेजारचं सहा नंबरचं चैत्यगृह चुकवू नका. त्यावरच्या लेखात दात्याचं नाव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. सकाळी तुम्ही ज्या बाजूने घाट चढून आलात, त्याच बाजूचा हा माणूस. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचं, म्हणजे संघाचं, दान आहे आणि यवनांची, म्हणजे ग्रीकांकडच्या लोकांची, नावंही आहेत.

साडेपाचला लेण्याद्रीखालून निघा. गणेशखिंडीवरून माळशेज उजेडात उतरता आला पाहिजे. धुकं पडलं की वळणं दिसत नाहीत आणि पावसाळ्यात दरडीही येतात. अंधार झालाच तर उसाच्या कडेला गाडी थांबवून खाली उतरू नका. जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे.