हा पूर्णविराम कुणाचा?

आठवीत मी निबंधात लिहिलं होतं, दारावर एकच शब्द होता, "बंद." इंग्रजीच्या बाईंनी त्यातल्या टिंबाला लाल गोल केला आणि वही वर धरून विचारलं, "पाटीवर टिंब होतं?" नव्हतं. "मग हा पूर्णविराम कुणाचा?" वर्ग गप्प. पूर्णविरामाला मालक असतो, हेच आम्हाला नवीन होतं.

बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ताई म्हणाली, "तू आलास का?" आणि त्याखाली, ताई "ये" म्हणाली का? पहिल्यात प्रश्न ताईचा, म्हणून प्रश्नचिन्ह आत. दुसऱ्यात ताई काही विचारतच नाही, विचारतोय तो लिहिणारा, म्हणून बाहेर. मग त्यांचं ते वाक्य, "आतलं सगळं उसनं आणलेलं आहे, त्यात आपलं काही मिसळायचं नाही."

कॅपिटलचं मात्र आमचं कधी जमलं नाही. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. त्यांनी कॅपिटल आणलं नाही, हे उपकारच. अवतरण उघडलं की डोळे मिटून कॅपिटल, ही आमची रीत. बाई वैतागायच्या. स्वल्पविराम देऊन अख्खं वाक्य घेतलंत तर कॅपिटल. 'दॅट' लावून आपल्या वाक्यात ओवलंत, किंवा दोन-चार शब्दच उचललेत, तर स्मॉल. वाक्य मध्येच तोडून 'ती म्हणाली' घातलंत, तर उरलेला तुकडाही स्मॉलनेच. हे मी पाठ केलं. कळलं बऱ्याच वर्षांनी, प्रबंध लिहिताना.

पहिलं प्रकरण मार्गदर्शकांकडून लालेलाल होऊन परत आलं. माझे पूर्णविराम मी बाईंच्या शिस्तीने बाहेर ठेवले होते. ती ब्रिटिश पद्धत निघाली आणि आम्हाला हवी होती एमएलए, म्हणजे प्रबंधलेखनाची एक अमेरिकन शैली. तिथे स्वल्पविराम आणि पूर्णविराम कुणाचेही असोत, आतच जातात. अर्धविराम बाहेर. प्रश्नचिन्हाला मात्र अर्थ बघायचा! हे मला अजून पटलेलं नाही, पण शैली ठरली की वाद संपला. आठवडाभर टिंबं आत ढकलत बसलो. मग कळलं, अवतरणापाठोपाठ कंसात पानाचा आकडा असेल, तर टिंब त्या कंसानंतर. काही पुन्हा बाहेर काढली. गद्य चार ओळींपेक्षा लांबलं, तर वेगळा परिच्छेद करायचा, अवतरणचिन्हं काढायची आणि टिंब कंसाच्या आधी. इथे मी थोडा वेळ खोलीत येरझाऱ्या घातल्या.

एक लाल खूण मात्र रास्त होती. मूळ लेखकाचं कॅपिटल माझ्या वाक्यात बसेना, म्हणून मी ते गुपचूप स्मॉल केलं होतं. समासात एवढंच लिहिलेलं, 'चौकटी कंस?' म्हणजे बदललेलं अक्षर चौकटी कंसात घाला, वाचणाऱ्याला कळू दे की इथे तुमचा हात लागलाय. एपीए ही दुसरी अमेरिकन शैली पहिल्या अक्षरापुरती ही सूट न सांगता घेऊ देते. बाईंनी दिली नसती.

स्मरणिकेच्या संपादकांना एक विनंती. वर बाईंचं 'मिसळायचं नाही' हे वाक्य आहे. त्याचा पूर्णविराम अवतरणचिन्हांच्या आतच छापावा. तो बाईंचा आहे.