नोव्हेनातली पायी वारी

२४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर या मिशनरी संताच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात आणि ३ डिसेंबरच्या फेस्तापर्यंत, म्हणजे त्याच्या सणापर्यंत, बेळगावकडून, सिंधुदुर्गातून माणसं पायी येत राहतात. आमचा गट सावंतवाडीहून निघाला. बांदा, पत्रादेवी, मग म्हापसा. रस्ता हायवेचा, ट्रक अगदी अंगावर आल्यासारखे जातात. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू असली की मात्र पाय आपोआप एका लयीत पडतात.

माझ्या मनात एक प्रश्न होता. प्रार्थना नेमाने होते, बायबल वाचतो, रविवारची मिस्सा चुकत नाही. तरी एका जवळच्या माणसाला क्षमा करायची वेळ आली की मन आखडतं ते आखडतंच. मग एवढ्या वर्षांत वाढलं काय?

संध्याकाळच्या मुक्कामी एका ताईंनी मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला दाखला वाचला. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. गटातला एक कॉलेजचा मुलगा लगेच म्हणाला, "मग काय, आपण नुसतं झोपायचं?"

पायाला आलेल्या फोडावर पट्टी गुंडाळत बसलेले एक काका शेतकरी. मान वर न करता म्हणाले, "झोपतो तो पेरून झाल्यावर. आणि रुजलंय का बघायला रोज उकरत बसलास, तर कोंबच मोडशील."

मला ते लागलं. रोज उकरणारा मीच होतो. आज किती शांत राहिलो, किती चिडलो, याचा हिशेब, आणि त्यावरून देव माझ्यात काम करतोय की नाही याचा निकाल! प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो की आपलं तारण भीतीने, कापत साधून घ्या, आणि लगेच पुढे म्हणतो, कारण तुमच्यात इच्छाही देवच निर्माण करतो आणि ती कृतीत आणण्याचं बळही तोच देतो. म्हणजे कष्ट सुटत नाहीत. चालायचं आपणच. पण वाढ आपल्या हातची नाही, आणि ती नाही हेच बरं. माझ्या हाती असती तर मी तिचंही प्रदर्शन मांडलं असतं.

झेवियरकडे लोक चमत्कार मागायला जातात. मला त्याचं मरणच जास्त बोलकं वाटतं. १५४२ च्या मे महिन्यात तो गोव्यात उतरला. तिथून पूर्व किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांमध्ये, मलाक्का, मोलुक्का, १५४९ मध्ये जपान. शेवटी चीनला जायची ओढ लागली. किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर नावेची वाट पाहत असतानाच तापाने पडला आणि ३ डिसेंबर १५५२ ला गेला. वय ४६. चीनच्या मुख्य भूमीवर त्याचं पाऊलही पडलं नाही. ज्या कामासाठी एवढी धडपड केली, त्याचं फळ बघणं त्याच्या वाट्याला आलं नाही, आणि तरी त्या कामावर देवाची सत्ता होती.

शेवटच्या पहाटे पणजीहून रायबंदरचा कॉजवे. एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरं. कुणी बोलत नव्हतं, पाय सुजले होते. झेवियरचं शव जिथे आहे त्या बॉम जीझस बॅसिलिकाच्या जांभ्याच्या भिंतीपाशी रांग लांबच लांब होती.

आत पोचल्यावर, ज्याला क्षमा करणं जमत नव्हतं त्या माणसाचं मी नाव घेतलं. मन हलकं झालं नाही, डोळे भरून आले नाहीत. राग होता तसाच होता. पूर्वी यालाच मी प्रार्थना फसली म्हटलं असतं. या वेळी म्हटलं, प्रभू, क्षमा करायची इच्छासुद्धा तूच दे, मी नाव घेत राहीन. एवढं बोललो आणि पुढे सरकलो, मागे पुष्कळ माणसं उभी होती.