खुर्ची नंबर २: आई एकदाची स्वतःहून उठली

मंडळी, दीड महिना काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं, मी घरी करत असलेल्या आरामखुर्च्यांतली खुर्ची नंबर २ पडवीत उलटी पडून होती आणि मी तिच्याकडे न बघता येजा करत होतो. काल संध्याकाळी मात्र आई तिच्यात बसली, चहा प्यायली आणि कप ठेवायला स्वतःची स्वतः उठून आत गेली. कुणाचा हात न धरता. मी पायरीवर बसलेलो, दोन सेकंद काय झालं ते कळलंच नाही.

दापोलीच्या घरच्या खळ्यासाठी, म्हणजे अंगणासाठी, चार आरामखुर्च्या करायच्या हा मूळ प्लॅन, जुन्या पडवीचे सागवानी वासे, वर कॅनव्हास, सगळं तुम्हाला माहीतच आहे. लाकडाची बाजू आता मार्गी लागलीये. एका वाशात मोडका खिळा होता आणि रंध्याच्या पात्याला जो दात पडला तो घासून काढण्यात एक अख्खा रविवार गेला, पण लाकूड असं की कापलं की अजून तेलकट वास येतो. चिकटवायच्या आधी थिनरने पुसतोय, नाहीतर जुन्या सागाला गोंद धरत नाही.

अडलं होतं ते कापड. पहिल्या कापडाची लांबी १२४ सेंमी घेतली होती, जुन्या खुर्चीचं माप तेच होतं म्हणून. बसल्यावर स्वर्ग. पण पुढचा दांडा जमिनीपासून ४१ सेंमी आणि बूड जातं २७ वर, म्हणजे गुडघे वर, कंबर खाली, तरुण माणूस झोका घेऊन उठतो पण आईचे गुडघे असे की ती दोनदा प्रयत्न करून हसायला लागली आणि मग बाबा नि मी दोन्हीकडून ओढलं. तेव्हापासून ती शेजारच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची, माझ्या सागवानाच्या नाकावर टिच्चून. आणि खरं सांगायचं तर त्या प्लास्टिकच्या खुर्चीला नावं ठेवायचं मी आता बंद केलंय. एका साच्यात एका दमात निघणारी ही जात १९७२ च्या फ्रेंच डिझाइनपासून पसरली, आणि ती ज्याने आखली त्याला उठणारा माणूस कळला होता. उन्हाने दोनतीन वर्षांत पांढरी भुकटी सुटते, मग एक दिवस पाय फाकतो, पण उंची बरोबर असते.

तर मी कापड कमी केलं, ११७ सेंमी. बूड ३३ वर आलं, उठणं सोपं झालं, आणि आता पुढचा दांडा मांडीत रुतायला लागला, दहा मिनिटांत पायाला मुंग्या. शिवाय २५ मिमीचा गोल दांडा मधे चक्क आत वाकायचा. आधी मला वाटलं लाकूडच कच्चं. पण तसं नाहीये, वाळत घालायची दोरी आठवा, ढिली बांधली की ओल्या चादरी आरामात पेलते, आणि तीच ताठ ओढून बांधली की भिंतीतला खिळा उपटून येतो. माणूस तोच, वजन तेच, पण झोळ कमी केला की दांड्यावरची ओढ भलतीच वाढते. म्हणजे ढिलं ठेवलं तर उठता येत नाही, ताठ केलं तर बसता येत नाही. यात पाच आठवडे गेले. दांड्यावर फोम गुंडाळून बघितला (एका पावसाच्या सरीत स्पंज), दांडा ३२ चा केला (जास्तच रुतायला लागला), सगळी चौकट मागे कलती करून बघितली तर आई म्हणाली, "ही खुर्ची आहे की दवाखान्यातला पलंग?"

मग गोल दांडाच काढून टाकला. त्याजागी ७५ मिमी रुंद, ३२ जाडीची फळी उभी बसवली आणि तिची वरची कड मधे २५ मिमी खोल घेतली, धनुष्य उलटं ठेवल्यासारखी. मांड्या त्या खोलीत बसतात, टेकतच नाहीत. जिगसॉने कापून अर्धगोल कानशीने गोलाई साफ केली, एकदम गुळगुळीत, हात फिरवत बसलो होतो बराच वेळ. कापड वरून पुढे घेऊन फळीच्या खालच्या अंगाला पट्टी आणि स्क्रूने आवळायचं असं ठरवलं.

आणि तिथे चुण्या. कडेला तणाव, मधे फुगवटा, काहीही केलं तरी कापड बसेना. मी चार वेळा काढून घातलं. आई पडवीत तांदूळ निवडत होती, न बघताच म्हणाली, "अरे तो गळा आहे. गळ्याला कापड दुमडताना कट मारतात, नाहीतर ओढ येणारच." तिने आयुष्यभर ब्लाउज शिवलेत. बरोबरच होतं, खोलगट कडेवरून दुमडलेल्या भागाला खाली पसरायला जागा लागते. पण नुसते कट मारले तर वजनाने तिथूनच फाटणार, त्यावर ती म्हणाली, "मग गळपट्टी लाव." म्हणजे गोलाईच्या आकाराची वेगळी कापलेली पट्टी मुख्य कापडाला जोडायची आणि स्क्रूच्या पट्टीखाली ती दाबायची.

तीन थर कॅनव्हास घरच्या मशीनच्या बसची गोष्ट नाही. रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडे गेलो, त्याने पंधरा मिनिटांत पॉलिस्टर दोऱ्याने तीन ओळी मारून दिल्या आणि पैसे घेताना लाजला. तुमच्या गावात असा माणूस असेल तर सोफावाल्याच्या नादी लागू नका. दोरा पॉलिस्टरचाच सांगा, सुती कुजतो, नायलॉन उन्हाने लवकर जातो.

स्क्रूबद्दल एक तक्रार आहेच. "स्टेनलेस ३०४" म्हणून घेतलेल्यांना एका पावसाळ्यात तपकिरी डाग. मी घेताना लोहचुंबक लावून बघितला होता, चिकटला नाही म्हणून खूश झालो, पण २०२ या हलक्या जातीच्या स्टेनलेसलाही तो सहसा चिकटत नाही हे नंतर कळलं. भंगारवाल्यांकडे थेंब टाकून ओळखायचं औषध असतं, तेच आणलंय आता. समुद्राच्या वाऱ्यात ३१६ जातीचेच घ्या, थोडे कमी घ्या पण ३१६.

हे लिहितानाच डोक्यात आलं, खुर्चीच्या हातांची टोकं फळीच्या पुढे सहा सेंमी काढली तर उठताना तळहात टेकायला जागा मिळेल, काल ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. म्हणजे नंबर ३ चे हात पुन्हा कापायचे, जे परवाच घासून तेल लावून ठेवलेत. असो. आणि चारही आरामखुर्च्या नकोतच आता, दोन पुरे, उरलेल्या दोन पट्ट्यांच्या सरळ बैठकीच्या करतो, पावसाळ्यात कापड काढून आत न्यायची कटकट नाही. इथे तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो, सुती कॅनव्हास एक आठवडा विसरलं की बुरशीचे काळे ठिपके, आणि ते जात नाहीत, मी सगळं करून बघितलंय. खुर्चीच्या पायांच्या तळाला लाकडाच्या उभ्या रेषांची टोकं उघडी असतात, पाणी तिथूनच शोषलं जातं, तिथे इपॉक्सीचे दोन हात मारलेत.

आज सकाळी बाबा नवीन खुर्चीत पाच मिनिटं बसले आणि उठून म्हणाले, ते जुनं कापड कुठे ठेवलंयस. १२४ वालं. दुपारी झोप त्यातच येते म्हणे. तर नंबर १ ला उद्या तेच परत चढवतोय.