तुम्ही विचारलंत म्हणून : हे केस धुता का?

धुते. आठवड्यातून एकदा, भर पावसाळ्यात कधी दहा दिवसांनी, आणि व्यवस्थित शाम्पू लावून धुते.

माझ्या डोक्यावर ड्रेडलॉक्स आहेत, म्हणजे केस गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा; थोडक्यात ड्रेड्स. लोकलच्या महिला डब्यात, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, हा प्रश्न मला कुठेही विचारतात. ड्रेडलॉक्स म्हणजे न धुतलेले केस, असं ज्यांना वाटतं ते विचारतात. आणि ज्यांनी नुकतेच ड्रेड्स करून घेतलेत तेही विचारतात, कारण करणाऱ्याने त्यांना बजावलेलं असतं, ‘महिनाभर पाणी लावू नका.’ या नव्या मंडळींना उत्तराची आत्ता गरज आहे, म्हणून आधी त्यांच्याशी बोलते.

बट बनते कशी हे एकदा कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं. आपले रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. एरवी ते कंगव्यात येतात, मोरीच्या जाळीत अडकतात. ड्रेड्स केल्यावर ते बटेतच राहतात आणि शेजारच्या केसांत गुंततात. उलटा कंगवा मारून, क्रोशाच्या सुईने केस आत ओढून करणाऱ्याने जे दिलं ती नुसती सुरुवात असते. खरी बट पुढे तुमचेच सुटलेले केस बनवतात. सरळ केसांना त्यासाठी वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. मधल्या काळात बटा फुगतात, आखूड होतात, मुळाशी केस मोकळे दिसतात, टोकं विस्कटतात. लोक घाबरून मला फोटो पाठवतात. घाबरू नका, हे असंच होतं.

केसावर बारीक खवले असतात. केस एकमेकांना धरतात ते त्यांच्या जोरावर. तेलकट केस निसटतो, स्वच्छ केस धरतो. त्यामुळे मळलेल्या केसांचे ड्रेड्स लवकर होतात हा समज अगदी उलटा आहे. धुतलेल्या केसांची बट लवकर घट्ट होते. याच कारणाने पहिले काही महिने बटांना तेल नको. आपल्या घरांत हे सांगणं कठीण आहे, मला ठाऊक आहे. खोबरेल कोमट करून, वाटी घेऊन आई मागे उभी असते आणि तिच्या त्या वाटीत खूप माया असते. तिला नाही म्हणवत नसेल तर न्हायच्या आदल्या रात्री बोटाच्या टोकाला तेल घेऊन ते फक्त भांगांतल्या कातडीला लावू द्या. बटेवर हात फिरवू देऊ नका.

मेण तर मुळीच नको. ‘बट घट्ट बसते’ म्हणून ते विकतात. ते पाण्याने निघत नाही, आत साठतं आणि त्याला धूळ, कापसाचे धागे चिकटतात. आधीच्या मेणाने राखाडी झालेल्या बटा मी पाहिल्या आहेत; शेवटी त्या कापाव्या लागल्या.

इंटरनेटवरचा सल्ला वाचताना तो कोणाच्या केसांसाठी दिलाय हे बघा. १९३० च्या दशकात जमैकात रास्ताफारी पंथ उभा राहिला आणि त्यांच्या ड्रेडलॉक्सची ओळख पुढे जगभर गेली. आफ्रिकी वंशाच्या बायकांनी या केसांची निगा राखण्याचं जे ज्ञान जमवलं, त्यातूनच मी सगळं शिकले आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. पण त्यांचा केस मुळापासूनच वळ्या घेत उगवतो. कोरफडीचा गर लावून तळहातांत वळला की तो तसाच राहतो. आपला सरळ किंवा नागमोडी केस सकाळी वळला तर संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. आपल्याला क्रोशाची सुईच लागते, तीही जपून. दर आठवड्याला सुई मारत बसलं तर केस आतल्या आत तुटतात आणि बट मधेच बारीक होते. दोन-तीन महिन्यांनी एकदा मुळाशी उगवलेले केस आत घेतले तरी पुरतं.

आता पाणी. पहिले आठ-दहा दिवस थांबलात तर चांगलं, कारण कोवळ्या बटा सुटायचा संभव असतो. महिनाभर मात्र थांबू नका, विशेषतः आपल्या घामाच्या हवेत. तोवर ओल्या फडक्याने भांगांतली कातडी पुसून घ्या. धुताना साधा, पारदर्शक शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून डोक्यावर ओता आणि बटांच्या मधल्या कातडीला बोटांच्या पेरांनी हळूहळू चोळा. खाली वाहणारा फेस बटांना पुरेसा असतो, त्यांना वेगळं घासायचं नाही. कंडिशनर नको, तो केस निसरडा करण्यासाठीच बनवलेला असतो. मग आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ पाणी ओता. शिकेकाईची पूड वापरू नका, तिचे कण बटेत राहतात. आवडच असेल तर रिठा-शिकेकाई उकळून मलमलच्या दुहेरी कापडातून गाळून घ्या. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार बटेत बसतात, तेव्हा शेवटचे दोन-तीन मग तरी पिण्याच्या पाण्याचे घ्या. खाण्याच्या सोड्याने बटा धुवा असंही सांगतात. डोक्याची कातडी किंचित आम्ल असते, सोडा अल्कधर्मी; त्याने केस राठ होतात आणि कातडीची आग होते. मी तो वापरत नाही.

आणि मग वाळवणं. माझ्या मते ड्रेड्सची निगा म्हणजे जवळजवळ सगळी वाळवण्याचीच निगा आहे, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही. केस स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी आत शोषून घेतो. मोकळा केस ते पंख्याखाली सोडून देतो. बटेतलं पाणी गुंत्याच्या मधोमध अडकतं. गोधडी वरून कोरडी लागते आणि घडी उघडली की आत ओल असते, तसंच. ती ओल दोन-तीनदा तशीच राहिली की कुबट वास येऊ लागतो, आणि एकदा बटेच्या पोटात बुरशी धरली की कितीही शाम्पू लावला तरी तो वास जात नाही. लोक ‘न धुतलेल्या केसांचा वास’ म्हणतात तो बहुतेक वेळा धुऊन न वाळवलेल्या केसांचा असतो.

म्हणून सकाळी न्हा, रात्री कधीच नाही. ज्या दिवशी बाहेर जायची घाई नाही तोच दिवस धरा. आधी एकेक बट मुळापासून टोकापर्यंत मुठीत दाबून पाणी काढा. पीळ द्यायचा नाही, नुसतं दाबायचं. मग सुती पंचा गुंडाळून पुन्हा दाबा. टर्किश टॉवेल टाळा, त्याचे धागे अडकतात. उन्हाळ्यात गच्चीवर तासाभरात काम होतं. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात हवाच इतकी ओली असते की दिवसभर मोकळे सोडले तरी आत गारवा राहतो. त्या चार महिन्यांत ड्रायर हवाच, मध्यम उष्णतेवर, आणि आधी मुळांशी, कारण बटा तिथे एकमेकींना खेटून असतात. वाळल्या की नाही हे हाताला कळत नाही, ओठाला कळतं. बट ओठाला लावून बघा, गार लागली तर आत पाणी आहे. पुरतं वाळल्याशिवाय बांधायचं नाही, हेल्मेट घालायचं नाही, झोपायचं नाही. आमच्याकडे कोणीतरी बाळंतिणीसारखी ओवा-शेपाची धुरी घ्यायला सुचवलं होतं. शेकोटीची ऊब चांगली, पण धुराचा वास बटेत मुक्कामाला येतो.

वाळल्यावर लगेच मुळाशी बोटं घालून शेजारच्या बटा एकमेकींपासून सोडवा. आठवडाभर विसरलात तर त्या जुळतात आणि दोन बटांची एक होते. पण प्रत्येक बट ताणून घट्ट करण्याचा मोह आवरा. कपाळाच्या कडेला दुखणं, बारीक पुटकुळ्या ही केस मुळाशी ओढला जात असल्याची खूण आहे. वेळीच सैल केलं तर गेलेला केस परत येतो. वर्षानुवर्षं ताण राहिला तर ते मूळच मरतं. रंगपंचमीला आणि विसर्जनाला डोकं कापडाने पूर्ण झाका, गुलाल बटेत गेला की महिनोन् महिने उशीवर उतरत राहतो.

आता पहिल्या मंडळींकडे येते. ‘धुता का?’ असं विचारणाऱ्या बायकांच्या स्वरात अनेकदा किळस नसतेच, भीती असते. काही जणी मला हात जोडतात. ‘अंगात येतं का हो?’ असं हळूच विचारतात. कारण त्यांनी गावात, घरात जट आलेली बाई पाहिलेली असते. केसांचा गुंता झाला, तो सोडवला नाही, कोणीतरी ‘देवी आली’ म्हणालं, आणि मग त्याला हळदकुंकू लागलं, कंगवा आणि कात्री बंद झाली, पुष्कळदा पाणीही. मानेला ओझं, उवा, कातडीला जखमा, झोप नाही, आणि हे सगळं कोप होईल या धाकात सोसायचं. जट आली म्हणून किती मुलींना सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलं गेलं. देवदासी सोडायला १९३४ सालीच मुंबई इलाख्यात कायद्याने बंदी आली, तरी जटेची भीती टिकून राहिली.

माझे केस मी मागून घेतले, उद्या कंटाळले तर कापीन. त्या बाईला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून मला कोणी हात जोडले की मी ते हात धरते आणि सांगते, ताई, हे मी पैसे देऊन करून घेतलंय, दर रविवारी धुते, यात देवी नाही.

पुढचा प्रश्न मग ठरलेला असतो. ‘आमच्या सासूबाईंची काढता येईल का?’ येईल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी कितीतरी बायकांच्या जटा स्वतःच्या हाताने कापल्या आहेत. आधी घरच्यांशी बोलणं, त्या बाईची भीती ऐकून घेणं, तिने होकार दिला की मगच कात्री. गुंता कातडीला चिकटला असेल किंवा आत जखमा असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि त्या तयार होईपर्यंत निदान कोमट पाण्याने धुऊ द्या म्हणा, आणि धुतल्यावर घाई न करता आतपर्यंत वाळवा. जट जुनी आणि जाड असेल तर त्याला अख्खा दिवस लागतो.